स्वयंसेवकाची कसोटी : लंडन ते अहमदाबाद

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्याचा निर्णय झाला. १९३० साली कॅनडातील हॅमिल्टन येथे या स्पर्धांची मालिका सुरू झाली. तिच्या शताब्दीचा सोहळा भारतभूमीवर व्हावा, ही प्रत्येक देशप्रेमी नागरिकाला आनंद देणारी घटना आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने आपले इरादापत्र आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे धाडले होते. तेव्हापासून क्रीडासंकुले, रस्ते, मेट्रो, निवासव्यवस्था आणि पदकांची संभाव्य संख्या यांवर पुष्कळ लिहिले गेले. एका प्रश्नाचा विचार मात्र अभावानेच होताना दिसतो. या स्पर्धांच्या दारात उभे राहून जगाचे स्वागत कोण करणार? वाट चुकलेल्या पाहुण्याला हात धरून त्याच्या आसनापर्यंत कोण नेणार? आणि ते करण्याची आपल्या तरुणांची तयारी कितपत आहे?

हा प्रश्न किरकोळ नाही. आधुनिक काळातील कोणतीही मोठी क्रीडास्पर्धा पगारी नोकरांच्या बळावर पार पडत नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बालवीरांनी निरोप पोहोचविण्याची आणि बंदोबस्ताची कामे केली, तेव्हापासून स्वयंसेवक हा या स्पर्धांचा अविभाज्य घटक राहिला आहे. १९८० साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्वयंसेवकांची रीतसर योजना आखली गेली. त्या वेळी त्यांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात होती. वीस वर्षांनी, २००० साली सिडनीत, ती सुमारे ४७ हजारांवर गेली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी अकरा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिक व पॅरालिंपिकमध्ये ७० हजार, तर २०२४ च्या पॅरिसमध्ये ४५ हजार स्वयंसेवकांनी काम केले. पॅरिससाठी तीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे जिला आपण विनामूल्य राबणूक समजतो, त्या कामाच्या संधीसाठी जगभरातील माणसे रांगा लावतात.

या रांगांत भारतीयही असतात, हे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. लंडनमध्ये तेथे स्थायिक झालेल्या हिंदू कुटुंबांतील मुलांनी, गृहिणींनी आणि निवृत्त गृहस्थांनी स्वयंसेवकाचा तो जांभळा-लाल गणवेश अंगावर चढविला. २०२२ मध्ये कतारमधील फुटबॉल विश्वचषकासाठी निवडलेल्या २० हजार स्वयंसेवकांपैकी सुमारे १७ हजार कतारमधील रहिवासी होते, तर तीन हजार अन्य देशांतून आले होते. त्यासाठी नावे नोंदविणाऱ्यांची संख्या चार लाखांच्या वर होती. कतारमध्ये परदेशस्थांत भारतीयांचा समाज सर्वांत मोठा. साहजिकच दोह्याच्या मैदानांवर दिशादर्शक फलक घेऊन उभ्या असलेल्यांत भारतीय चेहरे जागोजागी दिसत होते. नोकरीनिमित्त आखातात गेलेला अभियंता, त्याची पत्नी, महाविद्यालयात शिकणारा मुलगा, असे सारे घर रजा काढून या कामात उतरते, ही कौतुकाची गोष्ट आहे.

हे काम मिळते कसे आणि ते असते तरी काय, याची आपल्याकडे फारशी कल्पना नाही. लंडनचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. स्पर्धा २०१२ च्या जुलैमध्ये; पण स्वयंसेवकांचे अर्ज मागविण्यास २०१० च्या सप्टेंबरातच प्रारंभ झाला होता. सुमारे दोन लाख चाळीस हजार अर्ज आले. त्यांतून मुलाखती घेऊन निवड झाली. निवड झालेल्याने किमान तीन दिवस प्रशिक्षण घ्यायचे आणि स्पर्धेच्या काळात किमान दहा दिवस काम करायचे, अशी अट होती. मानधन नाही. राहण्याची सोय नाही. ती ज्याची त्याने करायची. कामाच्या दिवशी एक वेळचे जेवण, शहरातील प्रवासाची मोफत सोय आणि गणवेश, एवढेच काय ते मिळायचे. संयोजकांनी या मंडळींना ‘गेम्स मेकर’, म्हणजे स्पर्धा घडविणारे, असे नाव दिले. ते निवडताना त्यांनी विचार केला होता. स्वयंसेवक हा मदतनीस नसून स्पर्धेचा कर्ताच आहे, असा त्याचा आशय होता.

संघाच्या शिबिरात शुल्क भरून, स्वतःचा गणवेश स्वतःच्या पैशाने शिवून आणि अंथरूण-पांघरूण पाठीवर घेऊन जाणाऱ्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. काम करायला जाणाऱ्याने आपला खर्च आपण सोसावा, ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. नवल वाटावे असे जे आहे, ते कामाच्या विभागणीत आणि तिच्या काटेकोरपणात.

एखाद्या स्पर्धेतील कामांची यादी पाहिली तर ती किती विविध आहे हे ध्यानी येते. प्रवेशद्वारावर तिकिटे तपासणे, प्रेक्षकांना आसने दाखविणे ही सर्वांना दिसणारी कामे. त्यांखेरीज विमानतळावरून पथके आणणे, मोटारी चालविणे, दुभाष्याचे काम, प्रथमोपचार, निकालाचे कागद पंचांकडून वार्ताहरांपर्यंत पोहोचविणे, ओळखपत्रे तयार करणे अशी शेकडो कामे असतात. त्यांतील एकच उदाहरण घेऊ. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी निवडलेल्या खेळाडूसोबत एक स्वयंसेवक दिला जातो. खेळाडूला सूचना मिळाल्यापासून तो चाचणी-केंद्रात पोहोचेपर्यंत या स्वयंसेवकाने त्याला क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचे नसते. खेळाडू पदक स्वीकारो, वार्ताहरांशी बोलो वा पराभवाने रडत बसो, स्वयंसेवक चार पावलांवर उभा. त्याने स्वाक्षरी मागायची नाही, छायाचित्र काढायचे नाही, सलगी करायची नाही आणि उद्धटपणाही करायचा नाही. त्याची नजर एकदा चुकली, तर साऱ्या चाचणीवर आक्षेप येऊ शकतो. एवढे दायित्व चार दिवसांपूर्वी प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या विद्यार्थ्यावर वा शिक्षिकेवर असते.

दुसरी कसोटी त्याहून कठीण आहे. ती भावनेची कसोटी. ४ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनच्या वेम्बली एरिनामध्ये प्रतिस्पर्धी चिनी खेळाडू जखमी होऊन बाहेर पडल्यामुळे सायना नेहवालला कांस्यपदक मिळाले. बॅडमिंटनमधील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. वेम्बलीचा परिसर हा लंडनमधील भारतीयांच्या दाट वस्तीचा. नीस्डेनचे स्वामिनारायण मंदिर तेथून फार दूर नाही. १९३२ पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिल येथील वास्तूही त्याच भागात आहे. त्या दिवशी प्रेक्षागारातील भारतीयांनी तिरंगा फडकाविला तर ते योग्यच होते. परंतु त्याच प्रेक्षागारात गणवेशात उभ्या असलेल्या भारतीय स्वयंसेवकाचे कर्तव्य निराळे होते. त्याच्यासाठी जखमी झालेली चिनी मुलगीही पाहुणीच होती. तिला आधार देणे, वाट मोकळी करून देणे, तिच्या पराभवाचा तमाशा होऊ न देणे हे त्याचे काम. आपल्या देशावरचे प्रेम मनात ठेवून आपल्या कामात कोणाशीही दुजाभाव न करणे, हा आत्मसंयम गणवेशाबरोबर यावा लागतो.

तो आला नाही तर काय होते, याचेही उदाहरण त्याच स्पर्धेत घडले. उद्घाटन-सोहळ्याच्या संचलनात भारतीय पथकाच्या अग्रभागी, ध्वजधारक सुशीलकुमारच्या शेजारी, पथकाशी संबंध नसलेली एक भारतीय तरुणी चालताना जगाने पाहिली. ती सोहळ्यातील स्वयंसेवी कलाकारांपैकी होती आणि उत्साहाच्या भरात पथकाबरोबर चालत गेली, असे संयोजकांनी नंतर सांगितले. भारतीय पथकाच्या व्यवस्थापनाने तीव्र नापसंती व्यक्त केली. त्या मुलीच्या मनात वाईट काही नसावे. पण आयुष्यभर कष्ट करून त्या संचलनात स्थान मिळविलेल्या खेळाडूंवरचे लक्ष त्या क्षणापुरते ढळले, आणि दुसऱ्या दिवशीच्या चर्चेचा विषय खेळाडूंऐवजी ती झाली. उत्साह आणि सेवा यांत अंतर आहे. सेवेत स्वतःला मागे ठेवावे लागते.

अशी निष्ठा मागणाऱ्या समाजाने तिची कदरही केली पाहिजे, आणि ती कशी करावी हे सिडनीने दाखविले. स्पर्धा संपल्यानंतर काही दिवसांतच स्वयंसेवकांची शहराच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली. नागरिकांनी दुतर्फा उभे राहून त्यांच्यावर कागदी कपट्यांचा वर्षाव केला. तेथील ऑलिंपिक पार्कमध्ये स्वयंसेवकांची नावे कोरलेले खांब उभारण्यात आले. ज्याने महिनाभर वाहनतळावर उभे राहून गाड्यांना दिशा दाखविली, त्याचा नातूही आज त्या खांबावर आजोबांचे नाव शोधू शकतो. लंडनच्या समारोपात संयोजन समितीचे प्रमुख सेबॅस्टियन को यांनी स्वयंसेवकांचा उल्लेख करताच साऱ्या मैदानाने उभे राहून टाळ्यांचा गजर केला. मंत्र्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या नावांचे फलक पाहण्याची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना हे दृश्य अंतर्मुख करणारे आहे.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. ३ ते १४ ऑक्टोबर २०१० या काळात दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्यांतील आर्थिक गैरव्यवहारांची चर्चा देशभर झाली. पण स्वयंसेवकांच्या बाबतीत जे घडले ते तितकेच लाजिरवाणे होते आणि ते मात्र विसरले गेले. प्रशिक्षण घेतलेल्या सुमारे २२ हजार स्वयंसेवकांपैकी १० हजारांच्या आसपास तरुण स्पर्धेच्या तोंडावर वा प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवसांत कामावर आलेच नाहीत, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेकांनी गणवेश आणि बूट मात्र नेले होते. दिल्ली विद्यापीठाने स्पर्धांसाठी सुटी जाहीर केली होती. मुले तरुण होती, सुशिक्षित होती, भाषा जाणणारी होती. तरीही निम्म्याच्या आसपास गळती झाली.

हाच प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे. जो भारतीय तरुण लंडनमध्ये स्वखर्चाने राहून थंडी-पावसात दहा दिवस उभा राहतो, जो दोह्यात मध्यरात्रीपर्यंत गर्दीला वाट दाखवितो, त्याचाच भाऊ दिल्लीत गणवेश घेऊन घरी का बसतो? रक्त एक, संस्कार एक, घरही एकच. मग फरक कोठे पडतो?

याचे सोपे उत्तर असे दिले जाते की, परदेशाचे आकर्षण आपल्या लोकांना कामाला लावते. त्यात तथ्य नाही असे नाही. ‘लंडनला स्वयंसेवक होतो’ असे सांगण्यात जी ऐट आहे, ती ‘दिल्लीत होतो’ असे सांगण्यात वाटत नाही, ही आपल्या मनातील गुलामगिरीची उरलेली खूण आहे. पण एवढ्यावर थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक ठरेल. दिल्लीत जी कारणे त्या वेळी चर्चेत आली ती साधी होती. प्रशिक्षण अपुरे आणि ज्या कामासाठी मन तयार केले ते सोडून दुसरेच काम पुढ्यात. ज्याने दुभाष्याचे काम मागितले त्याला आपण दारावर उभे करतो, आणि ज्याला गाडी चालविता येते त्याला खुर्च्या मोजायला बसवितो. अशा ठिकाणी उत्साह दोन दिवसांत विरतो. स्वयंसेवक म्हणजे फुकटात मिळालेले दोन हात, अशी संयोजकांची समजूत असली की त्या हातांची किंमतही फुकटाइतकीच राहते.

दोष एका बाजूचाच नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांतही स्वयंसेवकाच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी तपासली पाहिजे. मुलगा स्पर्धेत स्वयंसेवक झाला, असे कळताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग पास मिळतील ना?’ दुसरा प्रश्न, ‘प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी उपयोग होईल का?’ आणि तिसरा, ‘खेळाडूंबरोबर फोटो काढलास की नाही?’ पास, प्रमाणपत्र आणि छायाचित्र या तिन्ही गोष्टी ज्याला मिळाल्या, त्याच्या दृष्टीने काम संपले. उरलेले दिवस कशासाठी जायचे? ज्या मुलाला घरून असा निरोप मिळतो, त्याच्याकडून भर दुपारी वाहनतळावर उभे राहण्याची अपेक्षा कशी करावी?

वास्तविक ‘स्वयंसेवक’ हा शब्द आपल्याला कोणा परक्याने शिकवावा अशी स्थिती नाही. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा डॉ. परांजपे आणि डॉ. हेडगेवार यांनी स्वयंसेवक पथकाची बांधणी केली होती. त्या काळी स्वयंसेवक म्हणजे सभेच्या सतरंज्या घालणारा, नेत्यांच्या पाहुणचारात धावपळ करणारा मुलगा, एवढाच अर्थ रूढ होता. हा अर्थ डॉक्टरांना पटला नाही. स्वयंप्रेरणेने आणि शिस्तीने राष्ट्रकार्य करणारा कार्यकर्ता, असा अर्थ त्यांनी या शब्दात भरला. १९२६ च्या रामनवमीला रामटेकच्या यात्रेत गणवेशधारी स्वयंसेवक गेले, दर्शनाच्या रांगा लावल्या, यात्रेकरूंच्या पाण्याची व्यवस्था पाहिली. संघाचे नाव निश्चित झाल्यानंतरच्या अगदी आरंभीच्या दिवसांतील हे समाजकार्य म्हणजे गर्दीचे व्यवस्थापनच होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आणि त्याही मागे जायचे तर पंढरीची वारी आहे. आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात जी घडी घालून दिली, ती आजही टिकून आहे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की लाखोंचा जमाव निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने तेवढे टाळ वाजवीत राहायचे. तिचे गाऱ्हाणे तेथल्या तेथे ऐकले जाते आणि मगच आरती होते. ध्वनिक्षेपक नसताना, पगारी रखवालदार नसताना ही व्यवस्था उभी राहिली. गर्दीला शिस्त लावण्याचे आणि तक्रारीला वाट करून देण्याचे इतके सुटसुटीत तंत्र ज्या समाजाने निर्माण केले, त्याला स्वयंसेवेचे धडे नव्याने गिरवावे लागू नयेत.

पण येथेच आपल्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘आम्ही तळजाईचे शिबिर पार पाडले आहे, आम्हाला कोण काय शिकविणार’ हा भाव उपयोगाचा नाही. १९८३ च्या पुण्यातील त्या शिबिराची व्यवस्था अभिमान बाळगावा अशीच होती. परंतु तेथे येणारा प्रत्येक जण आपल्या विचारांचा, आपली आज्ञा समजणारा, ‘दक्ष’ म्हणताच उभा राहणारा होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत येणारा पाहुणा तसा नसतो. त्याची भाषा वेगळी, आहार वेगळा, उपासनापद्धती वेगळी, संतापण्याची रीतही वेगळी. त्याला आपली घोषणा कळणार नाही, आपला आवाज चढलेला चालणार नाही. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या पॅरा-खेळाडूला न विचारता ढकलत नेणे हा आपल्याकडे दयाळूपणा समजला जातो. त्याच्या दृष्टीने तो अपमान असतो. आधी विचारायचे आणि त्याने हो म्हटले तरच हात लावायचा, एवढी साधी गोष्टही शिकावी लागते. परदेशात काम करून आलेला स्वयंसेवक आपल्यासाठी मोलाचा आहे तो याचसाठी. सेवाभाव त्याच्याकडे घरचाच होता. तो कसा वापरायचा याची पद्धत त्याने तेथे आत्मसात केली आहे.

या साऱ्याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती वा फुटबॉल महासंघ प्रक्षेपणाच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर मिळवितात. मग गरीब देशाच्या मुलांनी त्यांच्यासाठी फुकट का राबावे? टोकियोच्या ऑलिंपिकसाठी ८० हजार स्वयंसेवक मागितले गेले आणि प्रवासखर्चासाठी दिवसाला एक हजार येन देऊ केले गेले, तेव्हा जपानमध्ये हाच सूर उमटला. पुढे महामारी आली, संयोजन समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनी स्त्रियांविषयी अनुचित उद्गार काढले, आणि २०२१ च्या जूनपर्यंत सुमारे १० हजार स्वयंसेवकांनी नावे मागे घेतली. शिस्तप्रिय म्हणून ज्यांचे गोडवे गायले जातात त्या जपानी लोकांचे हे उदाहरण आहे. त्याचा अर्थ सरळ आहे. स्वयंसेवकाला गृहीत धरता येत नाही. ज्या कामातून दुसऱ्याचा केवळ व्यापार साधतो, त्याला सेवा म्हणण्याचे बंधन कोणावर नाही. पगारी माणसाचे पोट भरणारे काम स्वयंसेवकाकडून करून घेणे हा अन्यायच होय. स्वच्छता, सुरक्षा, जड उचलठेव या कामांना मोबदला दिलाच पाहिजे. स्वयंसेवकाचे क्षेत्र पाहुणचाराचे आहे, आणि पाहुणचार पैशाने विकत घेता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा असतो. देशात कामे थोडी आहेत काय, की परक्या देशाच्या स्पर्धेत जाऊन राबावे? यावर आपल्याच इतिहासाचे उत्तर आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे गेले आणि कबड्डी, मल्लखांब यांसारखे भारतीय खेळ त्याने जगापुढे सादर केले. यजमान राजवट अहंकाराने फुगलेली होती आणि तिने पुढे जगाचा केवढा घात केला हे सर्वविदित आहे. पण पारतंत्र्यातील विदर्भाच्या या तरुणांना पदकांच्या यादीत स्थान नव्हते. आपल्या मातीतील खेळ जगाला दाखवायचे, एवढ्याच हेतूने ते समुद्र ओलांडून गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, मुंबईहून मोम्बासाला निघालेल्या जहाजावर दोन अनोळखी स्वयंसेवकांची गाठ पडली, आणि १४ जानेवारी १९४७ च्या मकरसंक्रांतीला नैरोबीत शाखा सुरू झाली. त्या दोघांपैकी एक असलेले जगदीशचंद्र शारदा शास्त्री यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. जेथे राहायचे त्या भूमीची सेवा करायची, तेथील कायदा पाळायचा आणि आपली ओळख पुसू द्यायची नाही, हीच परदेशस्थ हिंदूंची रीत राहिली आहे. लंडनमधील हिंदू तरुणाने लंडनच्या स्पर्धेत घाम गाळला तो त्याच रीतीने. शेजाऱ्याच्या मांडवात जो हात लावतो, त्याच्याच मांडवाला शेजारी धावून येतात.

तेव्हा करायचे काय? प्रथम घरांनी करावयाच्या गोष्टी. ज्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी आहेत, त्यांनी मुलांना अशा स्पर्धांसाठी नाव नोंदविण्यास प्रवृत्त करावे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचाही समावेश झाला आहे. २०३२ मध्ये ब्रिस्बेनची स्पर्धा आहे. अर्ज बहुधा वर्ष-दीड वर्ष आधी मागविले जातात. पॅरिससाठी ते २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाले होते. विमानाचे भाडे आणि निवास यांचा भार स्वतःवर असतो, हे धरून चालावे. मात्र ‘स्वयंसेवक म्हणून परदेशी पाठवितो’ असे सांगून कोणी दलाल पैसे मागत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. निवड संयोजकच करतात, ती मधल्या माणसाच्या हातात नसते. सेवेच्या नावाखाली परदेशी जाऊन तेथेच दडून राहण्याचा विचार तर मनालाही शिवू देऊ नये. असा एक माणूस मागाहून येणाऱ्या शंभरांची दारे बंद करतो.

दुसरी गोष्ट अहमदाबादच्या संयोजकांसाठी. स्पर्धेच्या तोंडावर भरती करण्याची चूक पुन्हा होऊ नये. परदेशांतील स्पर्धांत काम केलेल्या भारतीयांची नोंद आताच करावी आणि त्यांना प्रशिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना महाविद्यालयांत आहे. तिचे विद्यार्थी वर्षाला १२० तास समाजसेवेसाठी देतात. ते तास कागदोपत्री भरण्याऐवजी स्पर्धेच्या प्रशिक्षणाला जोडता येतील. ज्याला जे काम दिले ते शेवटपर्यंत बदलू नये. त्याच्या जेवणाची, पाण्याची, विश्रांतीची वेळ ठरलेली असावी; उपाशी माणूस हसतमुख राहू शकत नाही. आणि सरतेशेवटी, अहमदाबादच्या क्रीडासंकुलात एखादी भिंत अशी असावी की जिच्यावर पुढाऱ्यांची नव्हे, स्वयंसेवकांची नावे कोरलेली असतील.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांसाठी. २०३० ची तयारी २०३० मध्ये होत नसते. तिच्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. पंढरीची वारी असो, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ असो, पुण्याच्या बालेवाडीतील वा गोव्यातील एखादी राष्ट्रीय स्पर्धा असो, वा गावातील शालेय क्रीडामेळावा असो, प्रत्येक ठिकाणी स्वयंसेवकाची परीक्षा तीच असते. वेळेवर येणे, ठरलेल्या जागी उभे राहणे, आवाज न चढविता सांगणे, काम संपेपर्यंत जागा न सोडणे आणि गेल्यावर मागे कचरा न ठेवणे. ज्या शाखेतील दहा तरुण वर्षभर एवढे पाळतील, त्यांतील दोघांना तरी एखादी परदेशी भाषा शिकता येईल, एकाला प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेता येईल. २०३० पर्यंत अशी पथके गावोगावी उभी राहिली तर संयोजकांना स्वयंसेवक शोधत फिरावे लागणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले असताना पंतप्रधानांनी २०३६ च्या यजमानपदाचा भारताचा संकल्प जाहीर केला. तो संकल्प सरकारचा आहे तसा समाजाचाही आहे. मैदाने सरकार बांधील, पदके खेळाडू जिंकतील. पण भारताच्या दारात आलेला परदेशी पाहुणा परत जाताना जी आठवण घेऊन जाईल, ती त्याला वाट दाखविणाऱ्या तरुणाच्या वागण्यातून घडणार आहे. दिल्लीत २०१० मध्ये जी दहा हजार ठिकाणे रिकामी राहिली, ती अहमदाबादेत भरलेली दिसली पाहिजेत. त्यासाठी आपापल्या घरातील एकेका तरुणाला आजपासून तयार करणे, एवढे काम प्रत्येक कुटुंबाच्या आवाक्यातले आहे.